भोसरीत वर्कशॉप टाकलंय, आता माणसं आणायची कुठून आणि टिकवायची कशी

मशीन घ्यायला बँक लोन देते, शेड भाड्याने मिळून जातं, ओळखीतला एखादा व्हेंडर पहिलं जॉबवर्क पण देतो. माणसाचं तसं नाही. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण, कुठेही चक्कर मारा, गेटागेटावर "सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत" लिहिलेलं दिसेल (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), काही बोर्ड तर उन्हाने पांढरे पडलेत कारण ते उतरवायची वेळच येत नाही. ज्यांनी नुकतंच दोन-चार मशीनचं वर्कशॉप सुरू केलंय किंवा करायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या कंपनीच्या एचआरवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल, त्यांच्याकडे कॅन्टीन आहे, बस आहे, आपल्याकडे दोन्ही नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे येणारा पोरगा बहुतेक करून बाहेरगावचा असतो, बीड, लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, नाहीतर थेट बिहार, यूपी, झारखंड, ओडिशा. म्हणजे त्याचा पगार इथे आणि संसार तिकडे. मालक लोक चहाला बसले की म्हणतात, पाचशे रुपये जास्त मिळाले की पळतात साले. पण जाणाऱ्याला शांतपणे बसवून विचारलं तर पाचशेच्या मागे भलतंच काहीतरी निघतं, पगाराची तारीख नक्की नाही, ओटी (ओव्हरटाइम) कसा धरतात कळत नाही, बहिणीच्या लग्नाला सोडतील का माहीत नाही, दोन वर्षं झाली तरी बटणच दाबतोय. यातलं जेवढं तुम्ही आधीच नक्की करून ठेवाल तेवढा माणूस टिकतो.

पायरी १: माणूस एकूण कितीला पडतो ते आधी काढा

नवीन मालक "ऑपरेटरला वीस हजार" एवढंच धरून जॉबचा (बनवायच्या पार्टचा) रेट कोट करतो आणि मग पगारवाढ मागितली की त्याच्या पोटात गोळा येतो. समजा ऑपरेटरचा महिना २०,८०० ठरला. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८००, तासाला १००. त्याचं आधीचं पीएफ खातं असेल आणि तुम्हाला पीएफ लागू असेल तर १५,००० च्या मर्यादेवर मालकाचे १२ टक्के, वर प्रशासकीय खर्च आणि विमा धरून साधारण १३ टक्के, म्हणजे १,९५०. ईएसआयचे (सरकारी कामगार विम्याचे) मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ६७६. त्यात बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, सेफ्टी शूज, दोन वेळचा चहा धरा. २०,८०० चा माणूस पंचवीस हजाराच्या पुढे जातो, जॉबचा रेट त्या आकड्यावर काढायचा.

पीएफ २० माणसांपासून लागतो, ईएसआय १० पासून, आणि ईएसआय २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना. पोरं म्हणतात, "दादा पीएफ नका कापू, हातात द्या." विशीतल्या पोराचं ते म्हणणं मला समजतं, खोलीचं भाडं आणि मेसचं बिल त्याला आज भरायचंय. पण ईएसआयचं मात्र समजावून सांगा, कारण त्याच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के जातात आणि बायकोपोरांसकट त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा पण दवाखाना त्यात बसतो. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे, नवीन माणसाला ते कुठे आहे ते दाखवून ठेवा. हाताला लागल्यावर शोधत बसायची गोष्ट नाही ती.

आणि एक योजना चालू आहे ती बघून घ्या. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यान लागलेल्या नोकऱ्यांसाठी. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर आणि दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला पण वाढवलेल्या माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत मिळू शकतात, पण पन्नासच्या आत माणसं असतील तर किमान दोन माणसं वाढवावी लागतात आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. पीएफला नाही म्हणणाऱ्या नवख्या पोराला हे सांगितलं की तो पुन्हा विचार करतो.

पायरी २: शोधायचं कुठे

सगळ्यात चांगला माणूस आपल्याच माणसाच्या ओळखीतून येतो. तुमचा चांगला ऑपरेटर ज्याला आणतो त्याची जबाबदारी पण तोच अर्धी घेतो, खोलीत पण तोच ठेवून घेतो. आणणाऱ्याला काही बक्षीस ठेवा, पण ते नवीन माणूस तीन महिने राहिल्यावर द्या. फक्त एक सांभाळा, सगळी माणसं एकाच गावची भरू नका. त्या गावात एक लग्न निघालं की तुमची आख्खी शिफ्ट वऱ्हाडात.

दुसरा रस्ता आयटीआय. औंधचं आहे, मोरवाडीत पालिकेचं आहे, बाकी जिल्ह्याजिल्ह्यात आहेतच. फोन करून मुलं पाठवा म्हणून उपयोग नाही, प्रत्यक्ष जा, टर्नर आणि मशिनिस्टच्या सरांना भेटा, तुमच्याकडे कुठली मशीन आहे, कुठला कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) आहे, काय जॉब चालतो ते सांगा, जमलं तर मुलांना एक दिवस शॉप बघायला बोलवा. अप्रेंटिस घ्यायचा असेल तर कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असतील तर घ्यावाच लागतो, ४ ते २९ मध्ये तुमच्या मर्जीवर आहे. नॅप्समध्ये (सरकारच्या अप्रेंटिस योजनेत) स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५००, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. अप्रेंटिसला स्वस्तातला हेल्पर समजून वर्षभर चिप्स (कापलेल्या धातूचा चुरा) उचलायला लावणारे खूप आहेत, आणि मग तेच म्हणतात की आयटीआयची पोरं थांबत नाहीत.

व्हॉट्सऍप ग्रुप, नोकरीची ऍप, गेटवरचा बोर्ड हे सगळं चालू ठेवा, पण त्यातून येणारा माणूस एकाच वेळी पाच ठिकाणी बोललेला असतो हे धरून चाला. सोमवारी येतो म्हणाला की सोमवारी दुसरीकडे लागलेला असतो. ठेकेदाराकडून हेल्पर मिळतील, ऑपरेटर क्वचित, आणि ठेकेदाराने पगार नाही दिला तर ती पोरं तुमच्याच गेटवर येऊन उभी राहणार आणि कायदा पण तुमच्याकडेच बघणार, म्हणून दर महिन्याला त्याच्याकडून पगार आणि पीएफ भरल्याचे कागद घेतल्याशिवाय त्याचं बिल काढू नका. शेजारच्या शॉपमधून माणूस फोडायचा मोह प्रत्येकाला होतो. जो तुमच्याकडे हजार रुपयांसाठी आला तो हजारासाठी जाणार पण, आणि शिवाय शेजाऱ्याकडूनच कधी रात्री अकराला इन्सर्ट (टूलचं बदलायचं कटिंग टोक) उसना मागायची वेळ येते.

तुमची खरी स्पर्धा कोणाशी आहे ते पण ओळखा. चाकणच्या मोठ्या कंपनीतली टेम्पररी नोकरी, डिलिव्हरीची बाईक, मोठी गोदामं, आणि मराठी पोरांच्या बाबतीत पोलीस भरती. सकाळी ग्राउंडवर पळणारा पोरगा भरती निघाली की जाणारच. त्याला लपवायला लावण्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारा, भरतीची तयारी चालू आहे का, आणि तसा असेल तर घ्या पण त्याच्यावर नाइटचा सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा) म्हणून भिस्त ठेवू नका.

पायरी ३: ट्रायल घ्या, आणि ट्रायलचे पैसे द्या

बायोडेटा वाचून काही कळत नाही, सगळ्यांनी "फानुक, सिमेन्स दोन्ही येतं" लिहिलेलं असतं, ही कंट्रोलरची नावं. ड्रॉइंग आणि व्हर्नियर हातात द्या, तयार जॉब मोजायला सांगा. मग विचारा, बोअर (आतलं भोक) ०.०३ मिमी मोठा येतोय, ऑफसेट (टूलची जागा दुरुस्त करणारा आकडा) प्लस देणार का मायनस, आणि जॉब मोजायच्या आधी पुसला का नाही ते बघा. जो पुसून मोजतो, शंका आली तर परत मोजतो आणि येत नसेल तर "नाही येत" म्हणतो, तो घ्या. सगळं येतं म्हणणाऱ्याने स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) ठोकला तर दुरुस्तीत त्याचा वर्षाचा पगार जाईल.

दिवसभर काम करून घेऊन "उद्या कळवतो" म्हणणारे मालक आपल्या एरियात आहेत आणि त्यांची नावं पोरांना पाठ असतात. दिवसाची हजेरी रोख देऊन टाका.

पायरी ४: पहिल्याच दिवशी कागदावर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचंय. इंग्रजीत चार पानं छापू नका. एकच पान, मराठीत नाहीतर हिंदीत, आणि त्यात एवढं आलं पाहिजे: पगार किती, कापून हातात किती, कुठल्या तारखेला, ओटी कसा, सुट्टी गुरुवारी का रविवारी (पिंपरी-चिंचवडला बहुतेक शॉप गुरुवारी बंद असतात, नवीन माणसाला हे माहीत नसतं), सणाच्या सुट्ट्या कुठल्या, पगारवाढ कधी बघणार. "सीटीसी" (कंपनीला पडणारा एकूण खर्च) हा शब्द काढूनच टाका, त्याने फक्त भांडणं होतात.

ओरिजिनल मार्कशीट, आधार कार्ड ठेवून घ्यायचं काही जण करतात, माणूस पळू नये म्हणून. हे करू नका, कोणी सांगितलं तरी. झेरॉक्स घ्या, ओरिजिनल त्याच मिनिटाला परत.

बाकी पहिल्या दिवशी पाणी कुठे, संडास कुठे, डबा कुठे खायचा, मशीन इमर्जन्सीला कशी बंद करायची, आणि फिरत्या जॉबजवळ हातमोजे का घालायचे नाहीत, हे कोणीतरी एकाने नीट दाखवायचं. "बघ रे याला" असं कोणाला तरी ओरडून सांगितलं म्हणजे दाखवलं असं होत नाही. आणि हो, संडास स्वच्छ ठेवा. हसू नका, पोरं सगळ्यात आधी त्याच्याबद्दल बोलतात.

पायरी ५: पगार, ओटी, उचल

पगार महिना संपल्यावर ७ तारखेच्या आत द्यायचा असा कायदाच आहे. तुम्ही ७ ठरवा, ५ ठरवा, पण ठरली की ती हलवायची नाही. कस्टमरचं पेमेंट ९० दिवसांनी येतंय हे खरंय, सगळ्यांचं तसंच येतं, पण पोराच्या घरमालकाला ते सांगून चालत नाही. एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात पडून राहू द्या आणि तिला हात लावू नका, मशीनच्या डाउन पेमेंटसाठी पण नाही. हे एक केलं तरी आजूबाजूच्या निम्म्या शॉपच्या पुढे गेलात.

ओटीत सगळ्यात जास्त घोळ असतो. कायद्याने डबल, पुष्कळ ठिकाणी देतात सिंगल. वरच्याच ऑपरेटरचा हिशोब घ्या, तासाला १०० म्हणजे ओटी २००. बारा-बाराच्या दोन शिफ्ट चालवल्या तर एका माणसाला आठ तासांचे ८०० आणि चार तासांच्या ओटीचे ८००, म्हणजे मशीनमागे दिवसाला ३,२००. आठ-आठच्या तीन शिफ्ट लावल्या तर २,४००. कागदावर तीन शिफ्ट स्वस्त दिसतात, पण तिसरा ऑपरेटर मिळाला पाहिजे ना, आणि दुसरं म्हणजे बिनलग्नाच्या पोरांना ओटी हवाच असतो, "ओटी नसेल तर नाही परवडत दादा" असं स्पष्ट सांगतात आणि निघून जातात. लग्न झालं, बायको इकडे आणली की तोच पोरगा आठ तासांची ड्युटी आणि पीएफ मागतो. म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका, कोणाला किती ओटी हवाय ते विचारून शिफ्ट लावा, आणि रोज बारा तास कोणालाच नको, दहाव्या-अकराव्या तासाला रिजेक्शन वाढतं ते वेगळं आणि बोटं जातात ते वेगळं.

ओटीचे तास रोजच्या रोज एका वहीत, माणसाची सही घेऊन. महिन्याच्या शेवटी आठवणीवर हिशोब केला की दोघांनाही आपल्याच बाजूने आठवतं.

उचल मागणारच. नवीन मालक एकतर कोणालाच देत नाही नाहीतर पहिल्याच महिन्यात वीस हजार देऊन बसतो. तीन महिने झाल्यावर अर्ध्या पगारापर्यंत, हप्ता ठरवून, रजिस्टरला सही. दवाखाना असेल तर नियम मोडा. सगळी मिळून पगारातली कपात निम्म्याच्या वर जाऊ द्यायची नाही असं कायदा पण सांगतो, आणि ज्याच्या हातात काहीच पडत नाही तो पोरगा उचल बुडवून रात्रीतून गाव गाठतो हे सांगायला कायदा पण लागत नाही.

पायरी ६: सुट्ट्यांचं कॅलेंडर जानेवारीतच भिंतीवर

इथेच सगळ्यात जास्त शॉप मार खातात. आपल्या माणसांचं वर्ष साधारण असं जातं: मार्चला होळी, यूपी-बिहारवाले गेले. चैत्रात गावोगावच्या जत्रा, मे महिन्यात लग्नं, मराठवाड्याची पोरं गेली. जूनमध्ये पेरणी, घरी म्हातारे आईवडील एकटे असतील तर जावंच लागतं. मग आषाढी, गणपती-गौरी, पूर्वेकडच्यांची दुर्गापूजा, दिवाळी, आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ. हे दर वर्षी येतं, तरी दर वर्षी मालकाला धक्का बसतो.

भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाने आपली मोठी सुट्टी त्यावर लिहायची. मराठी पोरं दिवाळीला, बिहारी पोरं छठला, अशी वाटणी आपोआप थोडीफार होते, मिश्र माणसं ठेवण्याचा हा मोठा फायदा. कस्टमरला पण त्या आठवड्याचं शेड्यूल आधीच कमी करून मागा, त्याच्याकडे पण हीच बोंब असते, तो समजून घेतो.

रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. म्हणजे छठची सुट्टी मंजूर करायची तर दोन महिने आधी सांगा, "बघू" म्हणून लटकवलंत तर त्याला जनरल डब्यात उभं राहून जावं लागेल, आणि परतीचं तिकीट तर नाहीच मिळणार. तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन जायचं-यायचं दोन्ही तिकीट काढून द्या, पैसे पगारातून हप्त्याने घ्या. परतीचं कन्फर्म तिकीट खिशात असलेला माणूस त्या तारखेच्या आसपास येतो. नसलेला दहा दिवसांनी फोन करतो, "सेठ, टिकट नहीं मिल रहा", आणि मध्येच सुरतला गेलेला चुलतभाऊ त्याला तिकडे ओढून नेतो.

बोनस दिवाळीच्या आधी, पूर्ण. किमान ८.३३ टक्के. अर्धा आत्ता आणि अर्धा परत आल्यावर, ही युक्ती खूप जण वापरतात, मला पटत नाही, हक्काचे पैसे अडकवून माणूस परत आला तरी मनातून गेलेला असतो. परत यायला उत्तेजन द्यायचंच असेल तर बोनसच्या वर काहीतरी वेगळं ठेवा, ठरलेल्या तारखेला हजर झाला तर एवढे जास्त.

पायरी ७: सेटर एकच असेल तर मालक तोच

छोट्या शॉपमध्ये एक सेटर असतो, सगळे प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) कसं लावायचं त्यालाच माहीत. तो जोवर आहे तोवर मजा, आणि तो गेला की मशीन चालू असून शॉप बंद. म्हणून सुरुवातीपासून प्रत्येक जॉबची सेटिंग शीट बनवा, फिक्स्चरचे मोबाइलवर फोटो काढा, कुठल्या स्टेशनला कुठलं टूल ते लिहा, प्रोग्रॅमचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरला घ्या. आणि सेटरला आधीच सांगा की हे तुझी गरज संपवायला नाही, तुला गावाला जाता यावं म्हणून आहे. त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकायला द्या आणि ती तयार झाली की सेटरला पण त्याचे पैसे वाढवून द्या, नाहीतर तो कशाला शिकवेल.

भिंतीवर एक तक्ता करा, आडव्या ओळीत माणसं, उभ्यात कामं: लोडिंग, मोजमाप, इन्सर्ट बदलणं, ऑफसेट, सेटिंग, प्रोग्रॅम. प्रत्येक टप्प्याला पगार किती वाढेल ते तिथेच लिहा. हेल्पर म्हणून आलेल्या पोराला आपण ऑपरेटर कधी होणार हे दिसलं पाहिजे. शिकून दुसरीकडे जातील ही भीती सगळ्यांना असते. जातील काही, पण न शिकवता ठेवलेले पण जातातच, आणि जाईपर्यंत तुमचे जॉब खराब करतात.

पायरी ८: सुपरवायझर

थोडक्यात सांगतो. आईबहिणीवरून शिव्या देणारा सुपरवायझर कितीही प्रॉडक्शन काढत असला तरी तुमची माणसं तोच घालवतोय. महिन्यातून एकदा त्याला बाजूला ठेवून पोरांबरोबर चहा घ्या आणि ऐका.

पायरी ९: जातोय त्याला नीट जाऊ द्या

जायचं म्हणाला की तोंड वाकडं करून पगार अडकवणं ही आपल्या लाइनची जुनी खोड आहे. नव्या कोडप्रमाणे सोडून जाणाऱ्याचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत करायचाय. उचल वजा करा, रजेचे आणि ओटीचे पैसे धरा, कागदावर लिहून दाखवा. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख तुम्हीच टाकून द्या, ती टाकली नाही की त्याला स्वतः टाकायला दोन महिने थांबावं लागतं आणि तोवर पैसे काढायला अडतं, आणि मग तो प्रत्येक खोलीत तुमच्या नावाने शंख करतो.

मोठ्या कंपनीत टेम्पररी म्हणून गेलेल्यांपैकी बरेच जण मुदत संपली की पुन्हा फोन करतात, "दादा, काही आहे का?" ऑफसेट येणारा, तुमच्या मशीनवर हात बसलेला माणूस त्याच पगारात परत मिळत असेल तर घ्या, मधल्या काळाबद्दल टोमणे मारू नका. आणि जाणाऱ्याला हिशोबाची पावती देताना विचारून ठेवा, तुझ्या जागी कोणी आहे का गावाकडचा, खोली पण तुझी रिकामीच होतेय ना.